चौकट बदलली म्हणजे कण नाहींसा होतो काय?

चारकोपाहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र आलें आहे. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक असून, म्हाडानें वसविलेल्या त्या वस्तींत, नुसत्या आंकड्यानें ओळखल्या जाणाऱ्या एका सेक्टरांत, दोन मुलगे, सुना व नातवंडें यांसह दोन जोडून घेतलेल्या बिऱ्हाडांत राहतात. रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनीं मिळून कांहीं तरी वाचावयाचें असा त्या घराचा परिपाठ आहे, व त्या वाचनांतून सध्यां एक वाद उत्पन्न झाला आहे. आजोबांचें म्हणणें असें कीं, आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानें जगांतील प्रत्येक गोष्ट पाहणाऱ्यावर अवलंबून असते हें सिद्ध केलें; लांबी गेली, काळ गेला, कणाचें अस्तित्व तेवढें उरलें होतें तेंही आतां गेलें; तेव्हां आमचे आचार्य बाराशें वर्षांपूर्वीं जें सांगत होते तेंच आज प्रयोगशाळा सांगत आहेत. नात पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. च्या शेवटच्या वर्षास आहे. ती म्हणते, "आजोबा, वेगाची आणि लांबीची गोष्ट निराळी. इलेक्ट्रॉन एक असेल तर तो सगळ्यांना एकच." धाकट्या मुलाचा मुलगा इंजिनियर, त्वरणानें जाणाऱ्यास रिकाम्या जागेंतही कण आढळतात असें त्यानें कोठेंसें वाचलें, आणि तो आजोबांना जाऊन मिळाला आहे. थोरल्या सूनबाईंनीं मात्र पत्राच्या शेवटीं स्वतःच्या हातानें दोन ओळी जोडल्या आहेत, व आम्हांस त्याच सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. या वादापासून घरांतील लहान मुलांना एक नवी सबब सांपडली असून, दूधवाल्याचे पैसे दिलेस कां असें विचारलें तरी "तुमच्या चौकटींत नसतील दिले, काकू" असें उत्तर मिळतें!

प्रश्न दिसतो तितका विनोदाचा नाहीं. एखादी गोष्ट आहे कीं नाहीं, घडली कीं नाहीं, हें जर पाहणाऱ्याच्या मर्जीवर असेल, तर साक्ष, हिशेब आणि शपथ या तिन्हींना एकदमच रजा द्यावी लागेल. तसें शास्त्र म्हणत आहे काय, हें पाहणें अवश्य आहे.

प्रथम नांवाचा निकाल लावूं. 'सापेक्षता' या शब्दानें जितका घोटाळा माजविला आहे तितका त्या सिद्धान्तांतील गणितानेंही माजविला नसेल. आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं जो लेख प्रसिद्ध केला त्याचें नांव गतिमान पदार्थांच्या विद्युद्‌गतिकीविषयीं, एवढेंच होतें. त्यांतील गृहीतें दोन. एकमेकांच्या मानानें समान वेगानें व सरळ रेषेंत जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम सारखेच असतात, हें एक. आणि निर्वातांतील प्रकाशाचा वेग त्या सर्वांना तितकाच भरतो, हें दुसरें. चतुर वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हीं दोन्ही विधानें 'तेंच राहतें' अशा स्वरूपाचीं आहेत. लांबी, काळ, समकालीनता हीं बदलतात खरीं, पण तीं या दोन न बदलणाऱ्या गोष्टी संभाळण्याकरितां बदलतात. घरांतील कर्ती मंडळी वेळप्रसंगीं आपल्या जेवणाची वेळ मागेंपुढें करतात, ती देवघरांतील पूजेची वेळ चुकूं नये म्हणून; तसाच हा प्रकार.

चारकोपकरांस मेट्रोचा दाखला सर्वांत जवळचा. गाड्यांचा डेपो त्यांच्या शेजारींच आहे, आणि डहाणूकरवाडीच्या स्थानकावरून २०२२ सालापासून गाडी धांवत आहे. समजा, डब्यांत बसलेल्या एका बाईंनीं प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवरून फिरविला व मांडीवर ठेवला. घर्षणानें कंगव्यावर विजेचा थोडा भार येतो. डब्यांतील मंडळींच्या दृष्टीनें हा भार स्वस्थ बसलेला आहे. त्याच्याभोंवतीं विद्युत्‌क्षेत्र आहे, चुंबकीय क्षेत्र मुळींच नाहीं. फलाटावर उभ्या असलेल्या माणसास मात्र तोच भार धांवतांना दिसतो, आणि धांवणारा भार म्हणजे वीजप्रवाह. प्रवाहाभोंवतीं चुंबकीय क्षेत्र असावयाचेंच. आतां हें चुंबकीय क्षेत्र खरें कीं खोटें? दोघांचींही मापें बिनचूक आहेत. विद्युत्‌क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र हीं एकाच वस्तूचीं दोन अंगें असून कोणतें अंग किती दिसावें तें निरीक्षकाच्या गतीवर, म्हणजे ज्यास शास्त्रज्ञ निर्देशचौकट म्हणतात तिच्यावर, ठरतें. येथपर्यंत आजोबांचा पक्ष बळकट वाटेल. पण त्याच कंगव्यावर केसांपेक्षां किती इलेक्ट्रॉन अधिक आले हें जर मोजलें, तर डब्यांतील आंकडा व फलाटावरील आंकडा एकच येईल. विद्युत्‌भार हा चौकटीप्रमाणें बदलत नाहीं. इलेक्ट्रॉनचें स्थिर वस्तुमानही बदलत नाहीं. येथें नातीचें म्हणणें बरोबर ठरतें.

कंगव्याचा इलेक्ट्रॉन हा टिकाऊ गडी आहे. त्याच्या अस्तित्वाची खरी परीक्षा होत नाहीं. म्हणून आतां असा एक कण घेऊं कीं जो क्षणांत मरतो, आणि जो हें वाचीत असतां वाचकांच्या तळहातांतून आरपार जात आहे. अंतराळांतून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांतील हवेवर आदळतात, व त्या धडकेंतून जी कणांची प्रजा निपजते तिच्यांत म्यूऑन नांवाचे कण असतात. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा जड भाऊ; वस्तुमान सुमारें २०७ पट. समुद्रसपाटीवर आडव्या धरलेल्या दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटास साधारण एक म्यूऑन जातो. म्हणजे हात पसरला कीं मिनिटास शंभराच्या आसपास. परंतु स्थिर असतां त्याचें सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाच्या सव्वादोन पटींहूनही किंचित्‌ कमी. तेवढ्या वेळांत प्रकाशसुद्धां ६६० मीटरच जातो, आणि म्यूऑन जन्मतात सुमारें १५ किलोमीटर उंचीवर. साध्या हिशेबानें हजार कोटींत एखादाच खालीं पोंचावयाचा. आणि येथें तर तळहातावर पाऊस पडत आहे!

या कोड्याचें उत्तर, कोडें पुरतें उभें राहण्यापूर्वींच, मुंबईच्या एका तरुणानें देऊन ठेविलें होतें. डॉ. होमी भाभा १९३८ च्या आरंभीं केंब्रिजला होते, वय अठ्ठावीस. विश्वकिरणांत नुकत्याच सांपडलेल्या 'जड इलेक्ट्रॉनां'विषयीं 'नेचर' या साप्ताहिकांत लिहितांना त्यांनीं असें दाखविलें कीं, हे कण जर आपोआप मोडणारे असतील तर प्रत्येक कण म्हणजे एक घड्याळच समजलें पाहिजे. आणि चालत्या घड्याळाचा वेळ सापेक्षतेच्या नियमानें लांबत असल्यामुळें वेगवान कण स्थिर कणापेक्षां अधिक काळ टिकला पाहिजे. पुढें १९४१ मध्यें ब्रूनो रॉसी व डेव्हिड हॉल यांनीं अमेरिकेंत कोलोरॅडोच्या डोंगरांत निरनिराळ्या उंचींवर हे कण मोजून ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिली. १९६३ मध्यें डेव्हिड फ्रिश व जेम्स स्मिथ यांनीं प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. सुमारें १९०० मीटर उंचीच्या माउंट वॉशिंग्टनवर तासाला साडेपांचशेंहून अधिक म्यूऑन मोजले गेले; घड्याळ मंदावत नसतें तर त्यांतील सत्तावीसच्या आसपास समुद्रसपाटीपर्यंत टिकावयास हवे होते; प्रत्यक्षांत चारशेंहून अधिक भरले. डॉ. भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उटी येथील वेधशाळा आज ५६० चौरस मीटरच्या जाळ्यानें हेच म्यूऑन टिपीत असते.

आतां याच प्रवासाची दोन चौकटींतील हकीगत शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं. प्रकाशाच्या ९९.९७ टक्के वेगानें येणारा म्यूऑन घ्या, व हवेंत होणारी ऊर्जेची घट बाजूस ठेवा. चारकोपच्या गच्चीवर उभे असलेल्या आपण म्हणूं: अंतर पुरें १५ किलोमीटर होतें, परंतु म्यूऑनचें घड्याळ चाळीसपट सावकाश चाललें, म्हणून तो येथवर आला. म्यूऑनला वाचा असती तर तो म्हणाला असता: माझें घड्याळ अगदीं नेहमींसारखें चाललें, वातावरणच दडपून पावणेचारशें मीटरचें झालें होतें, आणि तेवढें अंतर जावयास माझें आयुष्य पुरेसें होतें. काळाविषयीं एकमत नाहीं, अंतराविषयीं नाहीं. पण म्यूऑन गच्चीवर पोंचला, याविषयीं मात्र दोघांचें तंतोतंत एकमत आहे. तो एका चौकटींत पोंचला व दुसऱ्या चौकटींत वाटेंतच मेला, असें कधींही होत नाहीं. किंबहुना तसें होऊं नये म्हणूनच काळ व अंतर दोघांनाही आपापलें माप सोडावें लागलें.

यांतच सूनबाईंच्या तक्रारीचा निकाल लागतो. दूधवाल्याच्या हातीं नोटा देणें ही एका जागीं, एका क्षणीं घडणारी घटना आहे. ती एका चौकटींत घडली तर सर्व चौकटींत घडली. नाहीं घडली तर कोणत्याच चौकटींत नाहीं. ती किती वाजतां घडली याविषयीं फार तर घासाघीस चालेल, आणि तीही दूधवाला प्रकाशाच्या जवळपास वेगानें सायकल हांकीत असेल तरच. आइन्स्टाइनच्या नांवावर उधारी ठेवतां येत नाहीं, हें मुलांना खुशाल सांगावें.

तरी पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, व ती या वादांत कोणाच्याच ध्यानांत आलेली दिसत नाहीं. 'आहे' हें क्रियापद आपण वर्तमानकाळीं वापरतों. एखादा कण 'आहे' म्हणजे तो 'आत्तां' आहे. आणि दूरच्या जागीं 'आत्तां' म्हणजे कोणता क्षण, हें विशिष्ट सापेक्षतेंत खरोखरच चौकटीवर अवलंबून असतें. आपल्या हाताशीं हा फरक इतका सूक्ष्म असतो कीं विचारांत घ्यावयास नको. परंतु अंतर वाढत जातें तसा तो वाढत जातो. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारें २५ लाख प्रकाशवर्षें दूर आहे. मेट्रोची गाडी तासाला ८० किलोमीटर वेगानें, तिचें तोंड त्या दीर्घिकेच्या दिशेस असतां, धांवत आहे असें धरा. गाडींतील प्रवासी व फलाटावरील माणूस एकमेकांसमोर आले त्या क्षणीं दोघांनींही "देवयानींत आत्तां काय चाललें असेल?" असें मनाशीं म्हटलें, तर त्या दोन 'आत्तां'मध्यें सदुसष्ट दिवसांचें अंतर पडतें! आणि मोकळा न्यूट्रॉन तर सरासरी पंधरा मिनिटांच्या आंतच मोडतो. तेव्हां देवयानींतील असा एखादा न्यूट्रॉन निघूं शकतो कीं, जो प्रवाशाच्या हिशेबानें आत्तां आहे आणि फलाटावरील माणसाच्या हिशेबानें अद्याप जन्मासही आलेला नाहीं.

यावर आजोबा टाळी वाजवितील. पण घाई करूं नये. त्या न्यूट्रॉनचा जन्म व त्याचा अंत या दोन्ही घटना दोघांच्याही वहींत नोंदलेल्या आहेत, त्याच क्रमानें नोंदलेल्या आहेत, व त्या दोहोंच्या दरम्यान न्यूट्रॉनच्या स्वतःच्या घड्याळांत किती वेळ गेला याचा आंकडाही दोघांचा एकच येतो. फरक आहे तो, दूरवर पसरलेल्या घटनांच्या समुदायांतून 'आत्तां'ची रेघ कशी ओढावयाची एवढ्याचाच. शिवाय त्या 'आत्तां'ची बातमी दोघांपैकीं कोणासही पंचवीस लाख वर्षांच्या आंत कळणार नाहीं. आमच्या मतें यावरून इतकेंच निष्पन्न होतें कीं, 'सध्यां असणें' हा वस्तूचा गुण नसून वस्तू व पाहणारा यांच्यामधील एक नातें आहे. नातें चौकटीप्रमाणें बदललें म्हणून माणूस बदलत नाहीं; घरांत एकच बाई कोणाची सून, कोणाची जाऊ, कोणाची काकू असते.

येथें आचार्यांच्या साक्षीविषयीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. वेदान्तांतील रज्जुसर्पाचा दृष्टान्त आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. दिवा आणला कीं साप जातो. आणि तो एकासाठीं जातो व दुसऱ्यासाठीं राहतो असें नव्हे, मुळांत तो कोणासाठींच नव्हता. सापेक्षतेंतील आंखूड झालेलें वातावरण तसें नाहीं. कितीही दिवे आणले तरी म्यूऑनच्या चौकटींत तें पावणेचारशें मीटरचेंच भरेल, आणि आपल्या चौकटींत पंधरा किलोमीटरचेंच. ही भ्रान्ति नव्हे. हें माप आहे. तेव्हां मायावादाच्या सिद्धतेसाठीं म्यूऑनला बोलावणें व्यर्थ आहे, व त्याच्या खंडनासाठीं बोलावणेंही तितकेंच व्यर्थ. दुसरें असें कीं, पदार्थविज्ञानाचे सिद्धान्त नव्या प्रयोगानें सुधारले जातात, कधीं कधीं मोडीतही निघतात. ज्यांनीं आपली श्रद्धा अशा खुंटीला टांगली त्यांनीं खुंटी निघाल्यावर काय करावयाचें? आचार्यांना या साक्षीदाराची गरज नाहीं, आणि साक्षीदारही त्यांच्यासाठीं आलेला नाहीं. असो.

आतां इंजिनियर नातवाकडे येऊं, कारण त्याचा मुद्दा खरा अवघड आहे. येथवर आपण समान वेगानें जाणाऱ्या निरीक्षकांचीच गोष्ट बोललों. वेग सारखा वाढवीत जाणारा निरीक्षक घेतला, आणि त्यांत पुंजसिद्धान्ताची भर घातली, म्हणजे प्रकरण निराळें होतें. स्टीफन फुलिंग यांनीं १९७३ मध्यें, पॉल डेव्हिस यांनीं १९७५ मध्यें व विल्यम अनरू यांनीं १९७६ मध्यें केलेल्या गणितांतून असें निघालें कीं, ज्या अवकाशास समान वेगाचे सर्व निरीक्षक एकमुखानें 'रिकामा' म्हणतात, त्याच अवकाशांत एकसारख्या त्वरणानें जाणाऱ्यास उष्णता जाणवेल. त्याचा कणशोधक, जणू ऊन भट्टींत ठेविल्याप्रमाणें, टकटक करूं लागेल.

असें कां व्हावें? गाण्याचा दाखला घेऊं. कोणी गवई षड्ज लावून स्थिर बसला आहे. त्याच्यापासून समान वेगानें दूर जाणाऱ्या श्रोत्यास तो षड्ज थोडा उतरलेला ऐकूं येईल. परंतु ऐकूं येईल तो एकच शुद्ध, स्थिर स्वर. उलट, क्षणोक्षणीं वेग वाढवीत दूर जाणाऱ्यास तोच स्वर सारखा घसरत गेलेला, मींड घेतल्यासारखा, ऐकूं येईल. आणि कोणता स्वर ऐकलास असें विचारलें तर त्याला एकाचें नांव घेतां येणार नाहीं. एकाचा शुद्ध स्वर तो दुसऱ्याचें अनेक स्वरांचें मिश्रण. आतां पुंजसिद्धान्ताप्रमाणें कण म्हणजे लहानशी गोटी नव्हे. सर्वत्र पसरलेलें एक क्षेत्र असतें, त्या क्षेत्राचे निरनिराळे स्वर असतात, आणि अमुक स्वर किती मात्रांनीं वाजत आहे यालाच आपण तितके कण म्हणतों. एकही स्वर वाजत नसेल तर तें निर्वात. तथापि पूर्ण निःशब्दता या सिद्धान्तांत नसतेच. तंबोरा खालीं ठेविल्यावरही तारांत सूक्ष्म कंप राहावा तसा एक अटळ कंप निर्वातांतही राहतो. समान वेगाचे सर्व श्रोते त्या कंपाचा हिशेब सारखाच मांडतात व सर्वांचें उत्तर शून्य येतें. त्वरणानें जाणाऱ्याचें घड्याळच निराळ्या तालानें चालतें. त्याची स्वरांची वांटणी निराळी पडते. आणि त्या वांटणींत त्याच कंपाचा हिशेब शून्य येत नाहीं.

या प्रश्नाशीं महाराष्ट्राचा संबंध निकटचा आहे, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. तिरुवनंतपुरम्‌ येथें १९५७ सालीं जन्मलेले डॉ. थानू पद्मनाभन कुलाब्याच्या टाटा संस्थेंत डॉ. जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखालीं पीएच. डी. साठीं काम करीत असतां याच विषयांत शिरले. १९८२ च्या त्यांच्या एका लेखाच्या मथळ्यांत त्वरणयुक्त चौकटी आणि कणकल्पना हेच शब्द आहेत, आणि १९८५ च्या दुसऱ्या लेखाचा मथळा तर, त्वरणानें जाणारा शोधक टकटक कां करतो, असा सरळ प्रश्नच आहे. ज्या शहरांतील घरांत आज हा वाद चालला आहे त्याच शहराच्या दक्षिण टोंकास चाळीस वर्षांपूर्वीं तो गणितानें चालला होता! १९९२ पासून ते पुण्याच्या 'आयुका'मध्यें होते. तेथें १९९६ सालीं त्यांनीं व त्यांचे शिष्य डॉ. एल. श्रीरामकुमार यांनीं मिळून आणखी एक गोष्ट तपासली: शोधक अनंत काळ चालू न ठेवतां थोडाच वेळ चालू ठेविला तर काय होईल? उत्तर मोठें मासलेवाईक आहे. समान वेगानें जाणारा, किंबहुना स्थिर असलेला शोधकही जर झटक्यानें चालू व बंद केला, तर निर्वातांतसुद्धां टकटक करूं शकतो. म्हणजे टकटक ऐकूं आली म्हणजे तेथें कण होताच, असा निकाल देतां येत नाहीं. त्वरण, क्षितिज व उष्णता यांच्या या नात्यावरून गुरुत्वाकर्षण हेंच मुळांत उष्णतेच्या शास्त्राचें एक प्रकरण असावें, असा विचार डॉ. पद्मनाभन यांनीं पुढें अनेक वर्षें मांडला. १७ सप्टेंबर २०२१ रोजीं पुण्यांत ते निवर्तले.

तर मग नातू जिंकला काय? अर्धा जिंकला असें म्हणूं. 'येथें किती कण आहेत?' या प्रश्नाचें उत्तर त्वरणानें जाणाऱ्याचें व समान वेगानें जाणाऱ्याचें निराळें येतें, आणि दोघांपैकीं कोणीही चुकलेला नसतो. परंतु शोधकाची टकटक ही पुनः एक घटनाच आहे, आणि ती झाली हें दोघेही मान्य करतात. तिची हकीगत मात्र दोघे निरनिराळी सांगतात. १९८४ मध्यें अनरू व रॉबर्ट वॉल्ड यांनीं या दोन हकीगती जुळवून दाखविल्या. शोधकाबरोबर जाणारा म्हणतो, भोंवतालच्या ऊन वायूंतील एक कण शोधकानें गिळला. बाहेर समान वेगानें असणारा म्हणतो, छे, तेथें वायू वगैरे कांहीं नव्हतें. उलट शोधकानें एक कण बाहेर टाकला, आणि त्याला लागलेली ऊर्जा शोधकास ओढून नेणाऱ्या यंत्रानें पुरविली. एकाचें गिळणें तें दुसऱ्याचें उगाळणें! हिशेब दोघांचाही पुरा जमतो. आमची समजूत अशी कीं, यांत डळमळीत झालें तें जग नव्हे. 'कण' हा शब्द डळमळीत झाला. एखाद्या गाण्यांत किती स्वर आहेत असें विचारल्यास कोणत्या श्रोत्याच्या हिशेबानें, हें आधीं सांगावें लागतें. पण गाणें झालें होतें याविषयीं श्रोत्यांत मतभेद नसतो.

ही उष्णता आहे तरी किती, हें सांगितल्यावांचून हा विषय सोडणें योग्य होणार नाहीं. इमारतीची लिफ्ट सुटतांना दर सेकंदास सेकंदाला सुमारें एक मीटर या मानानें वेग घेते. त्या त्वरणाची उष्णता निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचे दहावर एकवीस शून्यें भाग केले असतां त्यांतील चार भाग नव्हे, तर एकावर एकवीस शून्यें मांडून होणाऱ्या भागांपैकीं चार भाग, एवढीच भरते. पुरता एक अंश जाणवावा असें वाटल्यास पृथ्वीच्या आकर्षणाच्या सुमारें अडीच लाख कोटी कोटी पट त्वरण हवें. त्या त्वरणानें निघालेली वस्तू एका सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागांतच प्रकाशाच्या वेगाशीं तुलना करण्याजोगी होईल. लिफ्टमध्यें घाम येतो तो वेगळ्या कारणानें.

म्हणूनच हा परिणाम कोणीही सर्वांचें समाधान होईल अशा रीतीनें अद्याप प्रत्यक्ष पकडलेला नाहीं. १९८३ मध्यें जॉन बेल व जॉन लाइनास यांनीं एक युक्ति सुचविली: प्रचंड कड्यांतून गोल गोल फिरविलेल्या इलेक्ट्रॉनांवर जबरदस्त त्वरण असतें, तेव्हां त्यांनाच उष्णतामापक समजावें. अशा इलेक्ट्रॉनांचीं परिवलनें चुंबकीय क्षेत्रांत हळूहळू एका दिशेस जुळत जातात, पण पूर्ण जुळत नाहींत. थोडी कसर राहते. ती कसर म्हणजेच त्या उष्णतेचा धक्का असें मानतां येतें. परंतु याच कड्यांत परिवलनें ९२ टक्क्यांच्या थोडी वर जुळून थांबावींत, हें १९६३ च्या सुमारास सोकोलोव व तेर्नोव या रशियन शास्त्रज्ञांनीं, निर्वातांतील उष्णतेचें नांवही न घेतां, केवळ इलेक्ट्रॉन बाहेर टाकीत असलेल्या किरणांच्या हिशेबानें काढून ठेविलें होतें. एक म्हणतो इलेक्ट्रॉननें उष्णता घेतली; दुसरा म्हणतो त्यानें किरण टाकले. तेव्हां कड्यांतील हा आंकडा अनरू यांच्या उष्णतेचा पुरावा धरावा, कीं जुनीच गोष्ट नव्या शब्दांत सांगितली असें म्हणावें, याविषयीं तज्ज्ञांत एकवाक्यता नाहीं.